ओबेडच्या दगडावरचे कान

१

सजावटीच्या रविवारी सगळ्या कबरींवर फुलं ठेवतात. त्याच्या आदल्या सकाळी आम्ही बायका खुरपी-फावडी घेऊन चर्चमागच्या टेकाडावर चढलो, तर ओबेड पेनलंडचा दगड जागेवर नव्हता. एकोणनव्वद वर्षं तो तिथे उभा होता. आता नुसता खड्डा, ताज्या मातीचा, आणि शेजारी हिरवळीची घडी. घडीच म्हणते मी. गोधडीचं टोक उलटून ठेवावं तशी हिरवळ अलगद सोलून बाजूला ठेवलेली होती.

ओबेड म्हणजे माझ्या नवऱ्याचे, क्लीटचे, आजोबा. त्या ओळीत आधी ओबेड, मग त्यांची बायको मार्थी, मग माझे सासूसासरे, मग क्लीट, आणि क्लीटच्या डाव्या हाताला माझी जागा. क्लीट गेल्यापासून सतरा वर्षं ती मोकळी आहे. दर मे महिन्यात मी तिच्यावरचंही गवत काढते. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःचं अंथरूण झाडायला कुणाची परवानगी लागू नये.

यंदा लागणार होती. ईस्टरला लोरीननं पुस्तक काढलं. लोरीन कॉगिन्स ही क्लीटच्या थोरल्या भावाची मुलगी, शहरात चाळीस वर्षं मास्तरीण होती. निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून तिनं पेनलंड घराण्याचा इतिहास लिहायला घेतला, आणि त्यात छापून टाकलं की यादवी युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, सैन्यातून पळून डोंगरात लपलेल्या गोसनेलांच्या दोन पोरांची जागा पहाऱ्यावरच्या कॅप्टनला दाखवली ती ओबेड पेनलंडनं. एक पोर सतरा वर्षांचं, एक एकोणीसचं. दोघांना खडकाशी उभं करून गोळ्या घातल्या. जागा कुणी दाखवली हे शंभराहून जास्त वर्षं स्पाइसवूडच्या खोऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. लोरीननं ठाऊक करून दिलं.

ते वाचून हॉयट गोसनेल पेटला. हॉयट आमच्या चर्चचा थोरला पंच. मेलेली पोरं त्याच्या आजोबांचे भाऊ. तो माझा सख्खा आतेभाऊही आहे, पण त्या नात्याचा उपयोग आम्ही दोघांनी कधी करून घेतला नाही. त्यानं ठराव आणला, की दफनभूमीचं कुंपण नाहीतरी बदलायचंय, तर नवं कुंपण पेनलंडांची ओळ बाहेर ठेवून घालू. फितुराची माणसं देवाच्या अंगणात नकोत. रविवारी जेवणं झाली की हात वर करून मतं घ्यायची. खांब त्यानं आधीच आणून फाटकाशी रचले होते.

म्हणजे क्लीट बाहेर. आणि मेल्यावर मीही बाहेर.

हॉयट खड्ड्याशी आला, आत वाकून बघितलं. "लाज वाटली असेल दगडाला," तो म्हणाला. "उठून गेला."

"लाजेनं माणूस उठून जात असता हॉयट, तर तू चर्चच्या पहिल्या बाकावर चाळीस वर्षं टिकला नसतास."

बायका गवत उपटण्यात फारच गुंग झाल्या. हॉयटनं टोपी मागे सरकवली आणि सांगितलं, की दगडाला त्यानं हात लावलेला नाही. लावणार होता, उद्या, मतं झाल्यावर, सगळ्यांसमोर. घण गाडीतच आहे.

त्याचं खरं वाटलं मला, आणि त्याचाच जास्त राग आला. हॉयटला दगड न्यायचा असता तर त्यानं साखळी बांधून ट्रॅक्टरनं ओढला असता आणि वाटेत आणखी दोन कबरी उकरल्या असत्या. इथे दगडाभोवती माझ्या सासूनं लावलेल्या निळ्या आयरिसचं एक पानसुद्धा मोडलेलं नव्हतं. दगड नेणाऱ्याला पाय कुठे टाकायचा ते माहीत होतं.

मग मला ओल्या मातीत ती रेघ दिसली. एकाच चाकाची, आणि दर दोन हातांवर त्या रेघेत एक खळगा. चाकाच्या लोखंडी पट्टीला पोचा असला की उमटतो तसा. मी हॉयटशी पावसापाण्याचं बोलत बोलत त्या रेघेवर उभी राहिले आणि बुटानं ती पुसून टाकली.

कारण ती हातगाडी माझी होती.

२

घरात माझ्याखेरीज सून. माझा मुलगा डॉयल मालट्रक घेऊन सोमवारीच टेक्सासला गेलेला. नेवा तीस वर्षांपूर्वी गिरणीच्या गावातून आमच्याकडे आली. तीस वर्षं मी म्हणत आलेय, की या मुलीला पाण्याची बादली उचलायची तर आधी गावात दवंडी द्यावी लागते.

ती उद्याच्या जेवणासाठी कणीक लाटत होती. उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं. काय झालं म्हटलं, तर म्हणाली डब्याच्या झाकणानं कापलं. कसला डबा? पीचचा. माझ्या घरात पीच डब्यात नसतात, बरण्यांत असतात, आणि त्या मी स्वतः भरते. मग मी मागच्या खाटेवरची गोधडी विचारली. धुतली म्हणाली. दोरीवर तर काही नव्हतं.

"नेवा," मी म्हणाले, "हातगाडीचं चाक अंगणात धुतलंस ते बरं केलंस. टेकाडावरचीही रेघ पुसायची होतीस. मला पुसावी लागली."

तिनं लाटणं खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. गुरुवारी प्रार्थनेनंतर हॉयट पायरीवर उभा राहून घणाची गोष्ट सांगत होता आणि माणसं हसत होती. शुक्रवारी दुपारी पाद्रीबुवांची बायको मला पायाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, तेवढ्यात हिनं दगड मोकळा केला, फळीवरून हातगाडीत कलता केला आणि गुरांच्या वाटेनं खाली आणला.

"एकटीनं?"

"कुणाला बोलवायचं? तुम्ही मला बादलीच्या लायकीची समजत नाही, आई. म्हणून विचारलं नाही."

मी म्हटलं, चल, दगड दाखव. 

दगड झऱ्यावरच्या जुन्या दूधखोलीत होता, माझ्याच गोधडीवर आडवा. वरचा भाग मला पाठ होता, वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव आणि मेल्याचं साल. पण इतक्या वर्षांत दगड खचत गेला होता आणि त्याचा दोन वीत भाग जमिनीखाली गेला होता. तो आता उघडा पडला होता, नवा असल्यासारखा पांढरा. त्याच्यावर अक्षर एकही नव्हतं. दोन कान कोरलेले होते. डुकराचे.

आताच्या माणसांना हे सांगावं लागतं. माझ्या लग्नाच्या वेळेपर्यंत इथे डुकरं कुणी बांधून ठेवत नव्हतं. ती रानात सोडायची, चेस्टनट खाऊन फुगायची, आणि पानगळीला धरून आणायची. सगळ्यांची डुकरं एकत्र झालेली. म्हणून प्रत्येक घराची कानावर कापायची एक खूण असे आणि ती कोर्टाच्या वहीत नोंदलेली असे. एका घराची एकच खूण. दोघांना एक खूण मिळत नसे, आणि एका माणसाला दोन मिळत नसत, नाहीतर मुडदे पडले असते. खूण बापाकडून मुलाकडे जायची. मुलगा नसला तर मुलीबरोबर तिच्या सासरी.

माझ्या वडिलांची, रॅथबोनांच्या घरची खूण अशी, की दोन्ही कान उभे चिरलेले आणि डाव्याला खालच्या कडेनं एक घास, म्हणजे चावा घेतल्यासारखी खाच. ती आमच्या आजीबरोबर घरात आली होती. वडील सुरी चालवायचे, मी पिलाचं डोकं धरायची. आत्याकडून हॉयट आलेला असला तर तो मागचे पाय धरायचा आणि पिलापेक्षा जास्त ओरडायचा. मला स्वतःचं नाव लिहिता यायच्या आधी चाळीस पावलांवरून डुकराचा कान वाचता येत होता.

आणि पेनलंडांची खूण, उजव्या कानाचा शेंडा छाटलेला, डाव्याला पाकोळीच्या शेपटीसारखी खाच. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी मला ती शिकवली. दगडावर तीच होती.

"माणसाच्या कबरीवर डुकराचा कान कशाला कोरायचा?" नेवानं विचारलं. पहिल्यांदाच तिनं नेमका प्रश्न विचारला.

मला माझी सासू आठवली. ती सासऱ्यांच्या बापाचं नाव कधी नुसतं घेत नसे. 'आपला ओबेड' म्हणायची, दरवेळी. लहानपणापासून ऐकलेलं असावं तसं. दुसरा नसेल तर माणूस 'आपला' कशाला म्हणेल?

मी नेवाला म्हटलं, हात धू आणि लोरीनचं पुस्तक आण.

३

मी शाळेत तीन हिवाळे गेले. छापलेलं वाचता येतं, पण मला घाई नसते आणि पुस्तकं घाईची असतात. म्हणून नेवा वाचते, मी ऐकते. ज्या चिठ्ठीवरून लोरीननं ओबेडला दोषी धरलं, ती पुस्तकात छापलेली कॅप्टनची चिठ्ठी तिला दोनदा वाचायला लावली.

"'ओबेड पेनलंड याची जप्त केलेली तीन डुकरं,'" आणि ती थांबली, "'त्याला परत द्यावीत. त्यानं गोसनेल बंधूंची लपण्याची जागा आम्हांस दाखवली आहे.'"

"मध्येच का थांबलीस? दोन्ही वेळा?"

"इथे तीन ठिपके आहेत."

"ठिपके कसले?"

"म्हणजे मधलं काहीतरी गाळलंय, आई."

जेवण न करताच आम्ही लोरीनकडे गेलो. तिनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. मला वाटलं होतं कॉफी तरी विचारेल. मीच आत जाऊन बसले. ती म्हणाली, की मी भांडायला आले असेन तर उपयोग नाही. ओबेड तिचाही पणजोबा, तिलाही ते छापताना सुख झालेलं नाही, पण इतिहास नातेवाइकांच्या आवडीनिवडीनं लिहीत नाहीत.

"आणि ठिपके कुणाच्या आवडीनं देतात?" मी विचारलं.

ती हसली. चिठ्ठीत डुकरांच्या कानांचं अर्धी ओळ वर्णन होतं, खाटीकखान्यातलं, ते गाळलं, म्हणाली. वाचणाऱ्याला त्याचं काय.

"तू डुकरं पाळली नाहीस ना कधी, लोरीन."

"ती पाळायला लागू नयेत म्हणूनच मला शिकवलं वडिलांनी, काकू."

मूळ चिठ्ठी कॅप्टनच्या घराण्याच्या पेटीत कुलपात होती. लोरीननं ती अक्षर न अक्षर उतरून घेतलेली वही तिच्या टेबलात होती, पण वही म्हणे खाजगी. मी सांगितलं, माझी हरकत नाही. उद्या सगळ्या मंडळीसमोर मी विचारीन त्या ठिपक्यांखाली काय आहे, तेव्हा उभी राहून सांग. तोवर मी इथेच बसते. आणि मला बसता येतं. क्लीट सांगायचा, तुला बसलेली बघून घड्याळ आधी उठतं.

पंधरा मिनिटांनी वही आली. लोरीन वाचायला लागली, परीक्षेचा निकाल वाचतात तशा सुरात. "'तीन डुकरं, ज्यांचे दोन्ही कान उभे चिरलेले असून डाव्या कानास खालील कडेनं घास घेतलेला आहे, ती त्याला परत द्यावीत.'"

नेवा खुर्चीत सरळ झाली. आमच्या दगडावरची खूण तिनं लोरीनला सांगितली. तिनंच, मी नाही. दोन खुणा म्हणजे दोन माणसं, म्हणाली. दोन ओबेड पेनलंड.

लोरीननं वहीची पानं उलटली, आणि तिचा रंग उतरत गेलेला मी बघितला. सगळं तिच्याच वहीत होतं, एकाच वर्षाच्या जनगणनेतून उतरवलेलं. दोघे भाऊ, दोघांनी आपापला थोरला मुलगा आजोबाच्या नावाचा ठेवला, जसं इथे सगळेच ठेवतात. एक ओबेड नदीवरच्या नावेशी राहणारा, बायको मार्थी. एक कड्यापलीकडचा, बायको जूड. लोरीननं दोघांना एकाच माणसात कोंबलं होतं. पहिली बायको वारली असेल, दुसरी केली असेल, घर बदललं असेल, असं तिनं धरलं.

"एका वर्षात दोनदा?" मी विचारलं.

"मला वाटलं जनगणनेचा कारकून चुकला."

"कारकून चुकला वाटलं. मास्तरीण चुकली असेल असं नाही वाटलं."

ती म्हणाली, दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक पुस्तकात चिकटवेन, उद्या सगळ्यांसमोर सांगेन. चांगलं म्हणाली. पण माझं लक्ष नव्हतं.  परतीच्या वाटेवर नेवा गाडी चालवताना गुणगुणत होती. आपण जिंकलो, आई, म्हणाली. मी म्हटलं रस्त्याकडे बघ.

चिरलेले कान आणि डावीकडे घास. ती खूण वाचता येणारी माणसं खोऱ्यात आता दोनच उरली होती. एक मी. दुसऱ्याच्या गाडीत घण होता.

४

रविवारी ऊन चांगलं होतं. कबरींवर कागदी फुलं, ओकच्या झाडांखाली लांब टेबलं, त्यावर कोंबडीचा रस्सा, मक्याची भाकरी, वाळवलेल्या शेंगा, सफरचंदाचा थरांचा केक. माझी ओळ सोडून सगळ्या ओळींपाशी माणसं होती.

फाटकाशी रॅथबोनांची ओळ आहे. तिथे माझे वडील, त्यांच्या शेजारी हॉयटची आई, म्हणजे माझी ओमा आत्या. तिच्या कबरीवर हॉयटनं पांढरे कागदी गुलाब ठेवले होते. दर हिवाळ्यात तो ते स्वतः करतो, एवढं त्याचं श्रेय त्याला देते. आणि त्या दोघांच्या डोक्याशी त्यांची आई, माझी आजी सीला. युद्ध संपलं त्या वसंतात ती कड्यापलीकडून एकटी चालत आली होती, पंधरा वर्षांची, पुढे एक डुकरीण हाकत. रॅथबोनांकडे कामाला राहिली, त्यांच्याच मुलाशी तिचं लग्न झालं. बापाचं नाव तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. लोरीनच्या पुस्तकातही ती नाही.

जेवणं झाली. पाद्रीबुवांनी ठराव वाचला. मी उठले. सकाळीच ठरवलं होतं, की निम्मंच बोलायचं. दगडावर कोणती खूण आहे ते सांगितलं, दगड कुठे आहे आणि तो कुणी वाचवला तेही सांगितलं, आणि माना नेवाकडे वळल्या. मग नेवानं लोरीनच्या वहीतून चिठ्ठी वाचली, ठिपक्यांशिवाय. लोरीन उभी राहून म्हणाली, चूक माझी, चिठ्ठीतला ओबेड आमचा नव्हे. तिला ते जड गेलं आणि मी ते जड जाऊ दिलं. पाद्रीबुवांनी मान हलवली. आता हात वर जाणार नव्हते. क्लीट आत राहणार होता. मी खाली बसले.

हॉयट उभाच होता. तो रागात असला की त्याच्या कानांत काही शिरत नाही, शिरलं तरी उशिरा.

"मग तो होता कोण?" तो म्हणाला. "दोन पोरं मेली, व्हर्जी. कुणीतरी दाखवली. त्याचं रक्त या टेकाडावर कुठेतरी झोपलंय, आणि ते मला कुंपणाबाहेर पाहिजे. ओळ कुणाचीही असो. इथली जुनी माणसं सांगा ना. चिरलेल्या कानांची डुकरं कुणाची होती? डावीकडे खालून..."

आणि तिथे त्याचं तोंड उघडंच राहिलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. सत्तर वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या गोठ्यात तो असाच माझ्याकडे बघायचा, पिलाचे पाय घट्ट धरून, सुरी येण्याआधी.

"व्हर्जी," तो हळूच म्हणाला, "राहू दे."

राहू दिलं असतं. माझं काम झालं होतं. पण क्लीटच्या आजोबांवर आळ घेताना त्याला 'राहू दे' सुचलं नव्हतं. आणि त्यानं जो प्रश्न विचारला तो आता टेबलांवरून फिरत राहिला असता, आज या ओळीवर, पुढच्या मे महिन्यात त्या ओळीवर.

"सांग ना, हॉयट," मी म्हणाले. "तू मागचे पाय धरायचास. मी डोकं."

 मग मीच सांगितलं. ती खूण माझ्या वडिलांची. त्यांना ती त्यांच्या आईकडून, सीलाकडून आली, कारण तिच्या बापाला मुलगा नव्हता. त्या खुणेची डुकरं कॅप्टननं कड्यापलीकडच्या ओबेड पेनलंडला परत दिली. म्हणजे सीला त्याची मुलगी. चार महिन्यांनी ती घर सोडून निघाली आणि बापाचं नाव तिथेच टाकून आली. तिनं हाकत आणलेली डुकरीण त्या तीन डुकरांतलीच असेल. मी आणि हॉयट तिच्याच पिलावळीचं मांस खाऊन वाढलो.

"तुला त्याचं रक्त बाहेर पाहिजे ना?" मी म्हणाले. "थोडं इथे उभं आहे, थोडं तिथे. खांब तूच आणलेत. आता सांग, कुंपण कुठून न्यायचं? तुझी आई कुठल्या बाजूला ठेवायची?"

 हॉयट फाटकापर्यंत चालत गेला. आईच्या कबरीशी वाकून त्यानं एक कागदी गुलाब सरळ केला, तो सरळच होता. मग गाडीत बसून गेला. मतं झालीच नाहीत. सोमवारी सकाळी बघितलं तर खांबही नव्हते. माझ्याशी तो अजून बोलत नाही. पूर्वी बोलायचा तेव्हाही मला फारसं काही मिळत नव्हतं.

सोमवारीच मी आणि नेवानं दगड परत बसवला. ती खणत होती आणि मी चुका काढत होते. खड्डा खोल नको म्हटलं. या खेपेला कान जमिनीच्या वर राहायला हवेत. मार्थीला वाचता येत नव्हतं. ते कान तिनंच कोरून घेतले असणार, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही कळावं इथे कोणता ओबेड आहे. नेवानं दगड एकटीनं उभा केला. मी बादलीचं पुन्हा काही बोलले नाही.

माती दाबत होतो तेवढ्यात लोरीन आली, वही घेऊन.  म्हणाली, नव्या पुस्तकात सीलाला घ्यावं लागेल. पण बापाचं नाव लिहिलं की ते काकूला आणि हॉयटला कायमचं चिकटेल, पुढच्या पोराबाळांनाही. हवं तर 'नाव अज्ञात' म्हणून सोडता येईल. असं करतात.

"लिही," मी म्हणाले. "सीला, ओबेडची मुलगी, आणि कोणत्या ओबेडची तेही. पंधराव्या वर्षी ती त्याच्या घरातून निघाली, तेही लिही. आणि लोरीन, ठिपके देऊ नकोस."